दीड हाताचा पायलट

हात सुटला तरी न रागावणाऱ्या वस्तू जगात फार थोड्या. हँडल सोडलं की सायकल आडवी, पातेलं सोडलं की आमटी ओट्यावर, मांजा सोडला की पतंग पुढच्या गल्लीत. ड्रोनचं तसं नाही. कंट्रोलरवरचे दोन्ही अंगठे उचलले तरी तो होता तिथेच उभा राहतो. उपग्रहांना आपली जागा विचारत राहतो आणि वाऱ्याने जरा ढकललं तर स्वतःच परत सरकतो. दोन्ही हात धडधाकट असलेल्याला हे किरकोळ वाटेल. मला मात्र या यंत्राचा हाच गुण सगळ्यात जास्त आवडतो, कारण माझा डावा हात न विचारता रजेवर जातो.

मोटरसायकलवरून पडलो तेव्हा खांद्यातल्या नसा दुखावल्या. हात दिसायला शाबूत आहे. पिशवी अडकवता येते, वाटी धरता येते. पण अंगठ्यात जोर नाही, आणि जो आहे तो लवकर संपतो. तर्जनी तेवढी इमानदार राहिली. आता कंट्रोलरवर काय असतं, तर दोन अंगठ्यांसाठी दोन स्टिक. डावी स्टिक ड्रोनला वर-खाली नेते आणि जागच्या जागी वळवते. उजवी पुढे-मागे आणि बाजूला. म्हणजे उंचीचं खातं नेमकं माझ्या आजारी अंगठ्याकडे. शिवाय मोटर सुरू करायची रीत अशी, की दोन्ही स्टिक एकाच वेळी खाली आणि आत ओढायच्या. कंपनीने हा दंडवत ठरवताना कुणाचा एक अंगठा संपावर असेल याचा विचार केलेला दिसत नाही. सुदैवाने ॲपमध्ये टेक-ऑफचं बटण आहे. ते दाबून धरलं की दंडवत माफ.

भाच्याने आल्या आल्या तोडगा काढला. "मामा, सेटिंगमध्ये जा, मोड थ्री कर. उंची उजव्या हाताला येते." केलं. पण मग पुढे-मागे आणि बाजूला जाणं डाव्याकडे गेलं, आणि झाड समोर आलं की वाचवणारा अंगठा तोच असतो. उंचीचं काय, एकदा ठरवली की पुष्कळ वेळ तिला हात लावावा लागत नाही. म्हणून मी मुकाट्याने जुन्या मोडवर परत आलो. डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये एफपीव्ही, म्हणजे ड्रोनच्या नजरेतून बघत उडवायच्या, ड्रोनबरोबर एका हातात मावणारा मोशन कंट्रोलर आणला होता. मनगट कलवलं की ड्रोन कलतो. मित्राकडे तो धरून बघितला. झकास आहे, पण त्याच्यासोबत डोळ्यांना गॉगल लावावा लागतो आणि गॉगल लावला की मला मळमळतं. ते प्रकरण तिथेच मिटलं.

शेवटी जे जमलं ते अगदी साधं. कंट्रोलर गळ्यातल्या पट्ट्याला अडकवायचा, डाव्या तळव्याने खालून नुसता आधार द्यायचा, आणि उजव्या हाताने दोन्ही स्टिक आळीपाळीने चालवायच्या. उजवी सोडली की ड्रोन थांबतो. तो थांबलेला असताना हात डावीकडे न्यायचा, वर चढायचं, सोडायचं, परत उजवीकडे. घाई नाही. वर असलेला तो माझी वाट बघतो.

यात तिरपं काही होत नाही हे कबूल. वर जाताना पुढे जाणं नाही, वळता वळता सरकणं नाही. झाडाभोवती गोल फिरायचं तर ड्रोनला बाजूला सरकता सरकता तोंड झाडाकडे ठेवावं लागतं, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम. ॲप ते आपोआप करून देतं, पण तो गोल इतका बिनचूक येतो की लग्नाच्या व्हिडिओतला वाटतो. मी तो फारसा वापरत नाही. माझ्या वाट्याला आलेला चांगला शॉट वेगळाच आहे. कॅमेऱ्याची मान वर-खाली करणारं चाक कंट्रोलरच्या डाव्या खांद्यावर असतं आणि ते तर्जनीने फिरतं. म्हणून मी नाशिकजवळच्या गिरणारे गावाच्या बाजूला एखाद्या द्राक्षबागेवर कॅमेरा पूर्ण खाली वळवून निघतो. उजवा अंगठा स्टिकला जेमतेम टेकवलेला. खालून ओळीमागून ओळ सरकते, तारा, डांब, ठिबकच्या नळ्या, मध्येच मेलेल्या वेलीची मोकळी जागा. मग तर्जनीने चाक हळूहळू उलटं फिरवायचं. बाग संपते, टोमॅटोची मांडवं येतात, रस्त्यावरची पिकअप येते आणि फ्रेमच्या वरच्या कडेने डोंगर उतरू लागतो. चाक झटक्यात फिरलं की सगळं वाया. धाकट्या बोटाच्या आधाराने तर्जनी स्थिर ठेवायला मला पुष्कळ दिवस लागले.

उडवणं सोपं म्हणायचं अशी वेळ त्याच्या आधीच्या कवायतीमुळे येते. कॅमेऱ्यावरचं पारदर्शक झाकण बारीक खाचेत बसलेलं असतं. एका हाताने ड्रोन धरून दुसऱ्याने ते काढायचं अशी अपेक्षा. मी ड्रोन दोन गुडघ्यांत धरतो. पुढचे दोन हात आधी उघडायचे, मग मागचे. बॅटरी काढताना दोन्ही बाजूंच्या कळा एकदम दाबाव्या लागतात, तिथे भाचा लागतो. हवेतून उतरणारा ड्रोन अलगद हातात झेलणारी मंडळी असतात. मी जमिनीवर नारिंगी चटई अंथरतो आणि लांब उभा राहतो.

माझं आजोळ येवल्याचं. तिथे संक्रांतीला तीन दिवस पतंग उडतात, आणि पतंग उडवणाऱ्याइतकाच मान आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, धरणाऱ्याला असतो. ढील कधी द्यायची, मांजा कधी गुंडाळायचा, हे त्याला न सांगता कळावं लागतं. हात गेल्यावर पतंग सुटला. मांजा एका हाताने ओढता येतो, पण दुसऱ्याने तो सावरावा लागतो, आणि तिथे थांबायची सोय नाही. ड्रोनच्या वेळी आसारी भाच्याकडे. म्हणजे मी स्क्रीन बघतो, तो आकाश बघतो. "मामा, घार!" एवढंच तो ओरडला एकदा. घार वरून झेप घेते, सरळ वर चढणं तिला जड जातं, म्हणून ड्रोनने वर पळावं असं उडवणारे सांगतात. वर म्हणजे डावी स्टिक! उजवा हात असा काही पलीकडे गेला की पट्टा मानेत रुतला. घारीने एक चक्कर मारली आणि निघून गेली. संक्रांतीच्या आठवड्यात मी ड्रोन बॅगेतून काढतच नाही. बंदी असली तरी नायलॉन मांजा आकाशात असतोच, आणि पंख्यात अडकला तर ड्रोन खाली येतो. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. माझा त्याआधीचा, म्हणून त्याला जास्तच जपतो.

नाशिकमध्ये ड्रोनवाल्याचा अर्धा वेळ नकाशात जातो. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, गांधीनगरला लष्कराची धावपट्टी, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, ओझरला विमानांचा कारखाना. अशा ठिकाणांजवळ उडवायचा विचारही करायचा नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' ठरतो आणि तो उडवायला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. माझा पाव किलोला एक ग्रॅम कमी. पण वजन कमी म्हणून हद्द माफ होत नाही. डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा, रंग बघायचा, हिरव्यातही ४०० फुटांच्या आत राहायचं, पोलिसांचा मनाई आदेश निघाला असेल तर घरी बसायचं. लेण्यांवरून, रामकुंडावरून शॉट घ्या ना, असं सुचवणारे खूप भेटतात. परवानगी काढून द्या म्हटलं की विषय बदलतात.

म्हणून आम्ही शेतकऱ्याला विचारून त्याच्याच बागेत उभे राहतो. पहिला प्रश्न ठरलेला: "केवढ्याला पडला?" दुसरा: "फवारणी करतो का?" फवारणीचा वेगळा, दहा-दहा लिटरची टाकी घेऊन उडतो, हे सांगितलं की थोडी निराशा होते. परवा एका आजोबांना मी माझा लाडका शॉट दाखवला, खालून ओळी आणि मग वर येणारा डोंगर. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मागे करायला लावला, पुन्हा मागे. डोंगरापर्यंत त्यांनी जाऊच दिलं नाही.

"इथं थांबवा. हा बांध बघा. कोरलाय का नाही त्यानं?"

मी म्हटलं, बाबा, असा फोटो मोजणीत धरत नाहीत, मोजणी सरकारी लागते.

"ती लागू द्या. तुम्ही फक्त सरळ वर न्या आणि बरोब्बर खाली बघून काढा. इकडंतिकडं हलवू नका."

सरळ वर, कॅमेरा खाली, दुसरं काही नाही. एवढं तर मला छान येतं. बॅटरी बदलायला भाच्याला हाक मारली आणि आजोबा तोवर शेजारच्या बांधावर कुणी उभं आहे का ते बघून आले.