नळी गुलाबी होता कामा नये

आतड्यातील जीवाणू वाढवण्याचे काम शिकू लागले, तेव्हा सर्वांत आधी गुलाबी रंगाची धास्ती घेतली. या जीवाणूंच्या वाढमाध्यमात, म्हणजे त्यांना वाढवण्याच्या पोषक द्रवात, रिसाझुरिन हे रंगद्रव्य किंचित घालतात. ऑक्सिजन पुरता निघून गेला की ते रंगहीन होते आणि थोडासा जरी शिरला तरी गुलाबी दिसू लागते. माध्यम उकळायचे, त्यात नायट्रोजन सोडत ते गार करायचे, उरलासुरला ऑक्सिजन काढणारे सिस्टीन घालायचे, रबरी बुचे घट्ट बसवून नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, ठेवायच्या, आणि एवढे करूनही सकाळी नळी गुलाबी दिसली तर ती बाद करायची.

ही शिस्त अनाठायी नाही. मोठ्या आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि तेथील बहुसंख्य जीवाणूंना तो सोसत नाही. फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झाय हा जीवाणू आतड्याच्या अस्तराला पोसणारे ब्युटिरेट हे आम्ल तयार करतो, पण उघड्या हवेत काही मिनिटांतच मरतो. ई. कोलाय मात्र साध्या माध्यमावर एका रात्रीत उगवतो. त्यामुळे आतड्यात त्याचा वाटा अगदी लहान असूनही अभ्यासात तोच पुढे राहिला.

इंग्लंडमधील वेलकम सँगर इन्स्टिट्यूटमध्ये ट्रेव्हर लॉली यांच्या गटाने 2016 साली प्रसिद्ध केलेले काम मला विशेष प्रिय आहे. त्यांनी मलाच्या नमुन्यावर आधी अल्कोहोलची प्रक्रिया केली, ज्यात साध्या पेशी मेल्या आणि बीजाणू, म्हणजे काही जीवाणूंची टणक सुप्त रूपे, तेवढे टिकले. मग माध्यमात टॉरोकोलेट हे पित्तातील क्षार मिसळून त्या बीजाणूंना जागे केले. आतड्यात पित्त भेटले की रुजायचे, हा त्यांचा स्वभावच येथे कामी आला. एरवी वाढत नाहीत असे मानलेले कितीतरी जीवाणू त्या प्लेटांवर उगवले आणि एकूण 137 प्रजाती जतन करता आल्या.

डीएनए वाचून जीवाणूची ओळख पटते, पण त्याच्या अनेक जनुकांचे कार्य अजून अज्ञात आहे. तो काय खातो आणि काय सोडतो हे जिवंत वाण हाती असल्याशिवाय पडताळता येत नाही. पुण्यातील संशोधकांनी मानवी मलातून मेगास्फेरा इंडिका वेगळा करून 2014 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, याचा मला म्हणूनच अभिमान वाटतो. ज्वारी, नाचणी आणि डाळींवर वाढलेल्या माणसांच्या आतड्यातील असे आणखी वाण आपल्याकडच्या उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये साठवले जावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.