तुम्ही विचारलंत म्हणून : फादर व्हायला इतकी वर्षं का लागतात?

वसईत एखाद्या घरचा मुलगा सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयात, आहे असं कळलं की पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर साडेपाच वर्षांत होतो, मग फादर व्हायला दहा वर्षं कशाला? तिथे एवढं शिकवतात तरी काय?" आयांचा प्रश्न वेगळा असतो आणि त्या तो हळू आवाजात विचारतात : "मध्येच परत आला तर?" सेमिनरीत मुलं घडवणाऱ्या आम्हाला हे दोन्ही प्रश्न सतत विचारले जातात. दोन्हींचं उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे.

आधी वर्षांचा हिशेब. चर्चच्या कायद्यानुसार तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा पूर्ण वर्षं शिकावं लागतं. त्यात तत्त्वज्ञान किमान दोन वर्षं आणि ईशज्ञान, म्हणजे थिऑलॉजी, किमान चार. त्याआधी पूर्वतयारीचा काळ असतो. २०१६ साली रोमने काढलेल्या मार्गदर्शिकेनुसार तो एका वर्षाहून कमी नको आणि दोन वर्षांहून जास्त नको. बरेच धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला चर्चचा प्रदेश) विद्यापीठाची पदवी आधी पुरी करायला लावतात. तत्त्वज्ञानानंतर एखादं वर्ष मुलगा एखाद्या धर्मग्रामात (एका चर्चच्या भाविकांची वस्ती, म्हणजे पॅरिश) किंवा शाळेत काम करतो. शेवटी डीकन (फादर होण्याआधीची दीक्षेची पायरी) म्हणून किमान सहा महिने. धर्मगुरू होताना वयाची पंचवीस वर्षं पूर्ण हवीत. बेरीज केली की पदवी न धरताही बारावीनंतर नऊ-दहा वर्षं होतात. जेजुइटांसारख्या संघांची वाट आणखी लांब असते, ती इथे घेत नाही.

शिक्षण कुठे होतं? मुंबईच्या धर्मप्रांताची सेमिनरी गोरेगावला आहे, संत पायस दहावे यांच्या नावाची. पुण्यात नगर रस्त्यावर पेपल सेमिनरी आहे. पोप लिओ तेरावे यांनी ती १८९३ साली श्रीलंकेत कँडीला सुरू केली आणि १९५५ साली ती पुण्यात आली. तिथली मुलं शेजारच्या ज्ञानदीप या संस्थेत शिकतात. गोव्यात राशोलची सेमिनरी आहे. तत्त्वज्ञानात प्लेटो आणि अक्वायनस असतात तसे वेदान्त, न्याय आणि बौद्ध विचारही असतात. ईशज्ञानात बायबल, चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र, संस्कार आणि चर्चचा कायदा.

पण नुसत्या अभ्यासाला दहा वर्षं लागत नाहीत. वेळ लागतो तो पारख करायला. आपल्याला देवाने बोलावलंय असं एका मुलाला वाटतं, त्याला आम्ही पाचारण म्हणतो. ते वाटणं खरं आहे का, टिकणारं आहे का, की आजीच्या इच्छेतून किंवा आवडत्या फादरच्या कौतुकातून आलंय, हे त्यालाही पहिल्या दिवशी कळत नाही आणि आम्हालाही नाही.

पारख वर्गात कमी आणि रोजच्या दिनक्रमात जास्त होते. घंटा साधारण साडेपाचला होते. अर्धा तास मौन ध्यान, सकाळची प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), न्याहारी, झाडलोट, दुपारपर्यंत तास. संध्याकाळी खेळ किंवा बागेतलं काम, मग संध्याप्रार्थना, अभ्यास, जेवण, रात्रीची प्रार्थना. शनिवार-रविवारी मुलं धर्मग्रामात जातात : धर्मशिक्षणाचा वर्ग, इस्पितळातल्या भेटी, वस्तीतली घरं.

यातली सकाळ-संध्याकाळ-रात्रीची प्रार्थना, म्हणजे प्रहरांची प्रार्थना, जवळून बघा. सकाळच्या प्रार्थनेत आरंभगीत, एक स्तोत्र, जुन्या करारातलं एक गीत, पुन्हा एक स्तोत्र, छोटं वाचन, जखऱ्याचं गीत, विनंत्या आणि प्रभूची प्रार्थना असा क्रम असतो. स्तोत्रं चार आठवड्यांच्या चक्रात लावलेली आहेत. आज कुठला आठवडा, हे सामान्य काळात (चर्चच्या वर्षातले मोठे सणकाळ वगळून उरलेले आठवडे) काढायची सोपी रीत आहे : चालू आठवड्याच्या क्रमांकाला चाराने भागायचं, उरेल ती बाकी. नववा आठवडा असेल तर बाकी एक, म्हणजे चक्रातला पहिला. बाकी शून्य असेल तर चौथा. पुस्तकाला रंगीत फिती असतात. एक स्तोत्रांच्या आठवड्यावर, एक त्या दिवसाच्या प्रार्थनेवर, एक संतांच्या सणांवर, एक रात्रीच्या प्रार्थनेवर. फिती आदल्या रात्री लावून ठेवल्या नाहीत तर मुलगा पहिली दहा मिनिटं पानं चाळण्यात घालवतो. पुढे चॅपलचे दोन भाग आलटून पालटून ओळी म्हणतात आणि ओळीच्या मध्ये श्वासभर थांबायचं असतं. सगळं बिघडतं ते इथे. एक बाजू संपायच्या आत दुसरी सुरू करते, किंवा कोणी एक खड्या आवाजात सगळ्यांना ओढत नेतो. कारण एकच, जो तो स्वतःचं वाचत असतो, शेजारच्याचं ऐकत नाही. ही सवय चॅपलपुरती राहत नाही. शेजाऱ्याच्या श्वासासाठी न थांबणारा मुलगा पुढे लोकांचं म्हणणंही पुरं ऐकून घेत नाही, हे आम्ही पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

आता पालकांना सर्वात कमी माहीत असलेली गोष्ट. सेमिनरीत मुलाला दोन दारं असतात. एक रेक्टरचं, म्हणजे सेमिनरीच्या प्रमुखाचं. रेक्टर त्याचं वागणं, अभ्यास, मैत्री, आरोग्य पाहतो आणि बिशपना अहवाल देतो. दुसरं दार आध्यात्मिक मार्गदर्शकाचं. तिथे मुलगा मनातलं सगळं बोलू शकतो, आणि दीक्षा द्यायची की नाही, सेमिनरीतून काढायचं की नाही, हे ठरवताना त्या मार्गदर्शकाचं किंवा कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ऐकणाऱ्या फादरचं मत कधीही विचारायचं नाही, असा चर्चच्या कायद्याचा स्पष्ट नियम आहे (कलम २४०). म्हणून तुम्ही मार्गदर्शकांना फोन करून "आमचा कसा आहे?" विचारलंत तर ते काही सांगणार नाहीत. राग मानू नका, ते तुमच्या मुलाचीच राखण करत असतात.

या व्यवस्थेतला धोकाही खरा आहे. मुलगा मार्गदर्शकाकडे मोकळा होतो आणि रेक्टरसमोर इस्त्री केलेला चेहरा घेऊन जातो. दारू, कोणावर जडलेला जीव, रागाचे झटके, एकटेपणा, काहीही असेल, अहवाल मात्र वर्षानुवर्षं स्वच्छ राहतो. मार्गदर्शक स्वतःहून तोंड उघडू शकत नाही. तो मुलाला एवढंच म्हणू शकतो : "हे तू स्वतः जाऊन रेक्टरना सांग." जो जाऊन सांगतो त्याला मदत मिळते, गरज असेल तर समुपदेशकाकडे पाठवलं जातं. जो सांगत नाही, त्याचं न सांगितलेलं पुढे त्याच्या धर्मग्रामाला भोगावं लागतं.

प्रवचनाबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्ही ते दर रविवारी ऐकता. थिऑलॉजी इंग्रजीत शिकवली जाते. घरी वाडवळी किंवा सामवेदी ही वसईकडची बोली बोलणारा मुलगा चार वर्षं इंग्रजीत विचार करतो आणि वेदीवर मराठी बोलायला उभा राहतो. मग "तारणाच्या इतिहासाच्या परिप्रेक्ष्यात" अशी वाक्यं बाहेर पडतात. मराठीत ख्रिस्ताबद्दल सुंदर बोलता येतं, याला चारशे वर्षांचा दाखला आहे. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोललाच छापलं गेलं. प्रवचनाच्या वर्गात मुलाचं बोलणं सगळ्यांसमोर तपासलं जातं. नेहमीचा दोष असतो एका प्रवचनात तीन प्रवचनं कोंबण्याचा. त्यावर उपाय असा : आधी पूर्ण प्रवचन एका वाक्यात लिहायचं. ते वाक्य शेवटच्या बाकावरच्या आजीला घरी जाऊन सुनेला सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर लिखाण फाडायचं आणि पुन्हा बसायचं. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये आठ मिनिटांची मर्यादा सांगितली होती. आठ मिनिटांचं बोलणं लिहायला वीस मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

कन्फेशन ऐकण्याचा सरावही होतो. प्राध्यापक पश्चात्तापी होतात आणि विद्यार्थी फादर. त्यात मुलं नको तितके प्रश्न विचारतात किंवा लांब उपदेश करतात. परीक्षेत किंवा इतर प्रकारे योग्य ठरल्याशिवाय कन्फेशन ऐकायची परवानगी कोणालाही मिळत नाही.

आता आयांचा प्रश्न. बरेच जण मध्ये निघतात, काही पहिल्या वर्षी, काही थिऑलॉजीच्या तिसऱ्या वर्षी. विचार करून निघालेला मुलगा नापास झालेला नसतो. सेमिनरीने आणि त्याने मिळून पारख पुरी केलेली असते. त्याला अवघड जातं ते घरी येणं. झग्यातला फोटो भिंतीवर लागलेला असतो, शेजारी त्याच्या आईला "फादरची आई" म्हणू लागलेले असतात. कित्येक मुलं या एका भीतीपोटी दोन-दोन वर्षं जास्त राहतात. म्हणून कळकळीने सांगतो, दीक्षेआधी त्याला घरात फादर म्हणू नका, आणि सुटीत आला की इतर भावंडांसारखी कामं सांगा. विद्यापीठाची पदवी आधी झालेली बरी, कारण चर्चची पदवी नोकरीच्या अर्जावर फारशी चालत नाही. पुढे कधी दुसऱ्या धर्मप्रांतात प्रयत्न करायचा ठरला तर आधीच्या सेमिनरीचं पत्र मागितलं जातं. तेव्हा निघताना बोलून, निरोप घेऊन निघावं.

लोकांना गुरुदीक्षेचा दिवस मोठा वाटतो, पण खरा उंबरठा त्याआधीचा, डीकनच्या दीक्षेचा. आजन्म ब्रह्मचर्याचं वचन तिथेच दिलं जातं, आणि त्यानंतर मागे फिरायचं तर रोमची परवानगी लागते. त्याआधी धर्मग्रामात त्याचं नाव वाचून दाखवतात. ते तुमच्यासाठी असतं. त्याच्याबद्दल काही गंभीर माहीत असेल तर ते पॅरिश प्रीस्टना सांगणं तुमचं कर्तव्य आहे. लहान मुलांच्या छळाची बाब असेल तर थेट पोलिसांकडे जा. मग किमान पाच दिवसांचं मौन तपसाधन होतं. आणि प्रत्येक दीक्षेआधी त्याला स्वतःच्या हाताने एक अर्ज लिहावा लागतो : मी हे माझ्या इच्छेने, कोणाच्या दबावाशिवाय आणि आयुष्यभरासाठी मागतो आहे. हा अर्ज टाइप केलेला चालत नाही. डीकनच्या दीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो रेक्टरकडे जाऊन अर्ज परत मागू शकतो, पाहुणे येऊन उतरलेले असले तरी.