आमची वाटचाल : लाकडी अ‍ॅक्सलचं वर्कशॉप

डेट्रॉइटजवळ आमचं छोटं वर्कशॉप, काम मुख्यतः ब्रश रनअबाउट या शंभर वर्षांपूर्वीच्या छोट्या अमेरिकन मोटारीचं. लाकडी बॉडी, लाकडी चाकं, लाकडी अ‍ॅक्सल, म्हणून गाडी 'वुडन्ट रन' (वुडन म्हणजे लाकडी, वुडन्ट रन म्हणजे चालणारच नाही), हा जुना जोक प्रत्येक नवा माणूस आपणच शोधल्यासारखा ऐकवतो. मी एवढंच म्हणतो की 1912 ला फ्रीमँटलहून सिडनीला 28 दिवसांत हीच गाडी गेली होती, ऑस्ट्रेलिया पश्चिमेहून पूर्वेला आडवा पार करणारी पहिली गाडी, मग बोला.

आमच्या आजोबांच्या हातचा वाकस आणि रंधा मी सांगलीहून सोबत आणला. बैलगाडीचा बाभळीचा कणा घडवणाऱ्या घरातला मी, इथे हिकरी आणि मेपलचं लाकूड. ओलं लाकूड घेऊ नका राव, मॉइश्चर मीटर घ्या आणि स्प्रिंगा लावायची घाई करू नका, पाट्यांच्या (एकावर एक पट्ट्या रचलेल्या) स्प्रिंगांच्या जमान्यात ही गाडी आखणाऱ्या अ‍ॅलन्सन ब्रशने चारही चाकांना कॉइल स्प्रिंगा दिल्या, त्याही ताणावर चालणाऱ्या, अ‍ॅक्सलमध्ये बारीक चीर असली तरी तिथेच उघडी पडते.

आता पार्टनरचं. नाव घेत नाही. धंदा जरा चालला तर म्हणे कर्ज काढू, अजून दोन वर्कशॉप घेऊ, सगळ्या मेकच्या गाड्या करू. मी नको नको म्हणत सही केली, ती माझीच चूक. सव्वा वर्षात बँकेचं पत्र आलं आणि साहेब आमचेच दोन कारागीर घेऊन वेगळे झाले, वर लोकांना सांगत फिरले की लाकडाच्या नादाने हा बुडाला. लाकडाने? ब्रश कंपनी तरी लाकडाने बुडाली का? 1910 ला बेंजामिन ब्रिस्कोच्या युनायटेड स्टेट्स मोटर या मोठ्या कंपनीमध्ये तिला ढीगभर कंपन्यांबरोबर कोंबली, 1912 ला ते सगळं गाठोडंच दिवाळखोरीत गेलं आणि त्यातून उभी राहिली ती मॅक्सवेल कंपनी. साडेतीनशे डॉलरची लिबर्टी-ब्रश ही स्वस्त गाडी विकणारी कंपनी संपली ती दुसऱ्यांच्या कर्जापायी, हे मी पार्टनरला आधीच सांगितलं होतं!

त्या वर्षी गिऱ्हाइकांत ओहायोचे एक म्हातारे शेतकरी टिकले फक्त. पुढच्या दोन अ‍ॅक्सलचे पैसे आधीच देऊन गेले, पावतीसुद्धा मागितली नाही. मधली दहा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ते ओहायोचे आजोबा अजून येतात. ब्रशचं इंजिन हँडल मारून सुरू करायचं आणि ते बाकी गाड्यांच्या उलटं फिरतं, म्हणजे हँडलची उलटी किक बसली तरी उजव्या हाताचं मनगट वाचतं. पण आजोबा हँडल मला मारू देत नाहीत, म्हणतात तू सवयीने सुलटं फिरवशील.