पार्किंगचे पैसे पगारातून

पगाराच्या स्लिपवर ‘पार्किंग’ म्हणून कापलेली रक्कम पहिल्यांदा दिसली तेव्हा डोकंच फिरलं. कामाला यायचं, वर गाडी लावायचे पैसेही आपणच भरायचे?

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये कामाच्या ठिकाणच्या पार्किंगवर कर आहे, २०१२पासून. पार्किंगच्या ११ किंवा जास्त जागा असलेल्या कंपनीला, सुरुवातीला जागेमागे वर्षाला २८८ पौंड. कर खरं तर मालकावर. आमच्या मालकांनी तो अलगद आमच्या गळ्यात घातला.

पण याच पैशांच्या हातभाराने २०१५मध्ये ट्रामचे क्लिफ्टन आणि बीस्टनकडचे फाटे सुरू झाले. आता टोटन लेनला, बीस्टनकडच्या फाट्याच्या शेवटच्या थांब्यावर, गाडी फुकट लावते आणि ट्राम पकडते. डबा मांडीवर, खिडकीबाहेर तुंबलेल्या गाड्या.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आता तिकिटाचे पैसे जातात ना?”

जातात.