बडोद्याला गेलात तर फाइन आर्ट्सला जा

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांवर माझा एक राग आहे. पाहुणा आला की त्याला लक्ष्मीविलास राजवाडा दाखवतात, फत्तेसिंह संग्रहालयातला राजा रविवर्मा दाखवतात, कमाटीबागेतलं १८९४ सालचं म्युझियम दाखवतात आणि वर सेव-उसळ खाऊ घालतात. सगळं प्रेमानं. पण महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीचं नाव कुणी काढत नाही. १९५०मध्ये ती सुरू झाली तेव्हापासून आपले इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवत होते. के. जी. सुब्रमण्यन, ज्योती भट्ट, नसरीन मोहमदी, सगळी तिथली कलाकार माणसं. आणि शहराला त्याचं काही नाही!

माझी मावशी लग्न होऊन दांडिया बाजारात आली त्यालाही आता चाळीसेक वर्षं झाली. या खेपेला मी तिला घेऊनच विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन बघायला गेले. बाकीचा मुक्काम लग्नघरात गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

शिल्पांच्या विभागात मावशी नुसती चालत राहिली. "हे आपल्याला कळायचं नाही गं," असं दोनदा म्हणाली. बसायला बाक नाही, वर बडोद्याचा उन्हाळा. मग आम्ही प्रिंटमेकिंगच्या, म्हणजे छापचित्रांच्या स्टुडिओत शिरलो आणि ती एका काळ्या-करड्या चित्रासमोर थांबली. जिनिंग कारखान्यातला कापसाचा डोंगर, पायथ्याशी पाठमोऱ्या दोन बायका. शेजारी ते काढणारी मुलगी उभी होती, यवतमाळकडची.

"हा पांढरा कुठला रंग गं?"

"रंग नाही आजी, कागदच आहे तो."

मग तिनं ज्यावरून ते चित्र छापलं तो जस्ताचा पत्रा मावशीच्या हातातच दिला. त्यावर राळेची पूड भुरभुरायची, खालून तापवून ती चिकटवायची आणि पत्रा आम्लात सोडायचा. राळेच्या कणांमधली जागा आम्ल खातं. जितका जास्त वेळ ठेवाल तितकी ती जागा काळी छापते. जिथे कापूस हवा तिथे आधीच व्हार्निश लावून ठेवायचं, म्हणजे आम्ल तिथे पोचतच नाही. शेवटी शाई भरायची, पुसायची, ओला कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. मावशीनं पत्र्यावरून बोट फिरवलं. काळ्या भागाला खरखर लागली, कापसाला गुळगुळीत. "म्हणजे तू कापूस काढलाच नाहीस. त्याच्या भोवतीचा अंधार काढलास," ती म्हणाली. मुलगी इतकी खुलली की तिनं ड्रॉवरमधले फसलेले छापही काढून दाखवले. पाऊण तास त्या दोघी बोलत होत्या. मी मध्ये पडले नाही.

मोठ्या शहरांतल्या वातानुकूलित गॅलऱ्या मी बऱ्याच पाहिल्यात. तिथे भिंतीवर इंग्रजीत जड परिच्छेद असतो आणि विचारावं तर कुणी नसतं. नवी कला लोकांना कळत नाही ही तक्रार मला अजिबात पटत नाही. करणारा माणूस शेजारी उभा करा, पत्रा हातात द्या, लोक विचारतात.

शैक्षणिक वर्ष संपत आलं की हे प्रदर्शन भरतं आणि थोडेच दिवस असतं. दुपारी जाऊ नका, स्टुडिओ भट्टीसारखे तापतात. मावशीच्या नणंदा दिवाळीत येणार आहेत; तेव्हा प्रदर्शन नसलं तरी फॅकल्टीत न्यायचंच, असं तिनं घरी जाहीर केलंय. राजवाडा त्यांनी पाहिलाय म्हणे.