कपाटातली आडनावं मोजा

"मुलांसाठी वेगवेगळ्या समाजांची, प्रांतांची, धर्मांची पुस्तकं हवी आहेत. मिळतात कुठे, आणि त्यातलं चांगलं ओळखायचं कसं?" हा प्रश्न पालक विचारतात, शिक्षक विचारतात, परदेशात रविवारची मराठी शाळा चालवणारेही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुकानात जायच्या आधी घरातलं कपाट उघडा. हाताला लागतील ती वीस गोष्टीची पुस्तकं काढा आणि कागदावर टिपून ठेवा: मुख्य मुलाचं नाव-आडनाव, घर कुठलं, ताटात काय आहे, अडचण आली तेव्हा ती कुणी सोडवली. बहुतेक घरांत तोच तो हिशेब निघतो. शहरातला फ्लॅट नाहीतर कोकणातलं आजोळ, मे महिन्याची सुट्टी, ताटात वरणभात. कोयत्यावर गेलेल्या आईबापांबरोबर दिवाळीनंतर उसाच्या फडात राहणारं मूल त्यात नसतं. वसईत घरी सामवेदी बोली बोलणारं नसतं, मोहल्ल्यात राहून मराठी शाळेत जाणारं नसतं. अमेरिकेत मॅडिसनच्या विद्यापीठातलं बालपुस्तक केंद्र १९८५ पासून अशीच मोजणी करतं. पहिल्या वर्षी सुमारे अडीच हजार पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची निघाली अवघी १८. त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर उचला: एखाद्या समाजाविषयीची पुस्तकं आणि त्या समाजातल्या माणसांनी केलेली पुस्तकं ते वेगवेगळी मोजतात. पहिला आकडा फुगलेला आणि दुसरा हडकुळा, हे आपल्याकडेही चालतं.

मोजणी झाली की लोक घाईघाईने खरेदीला निघतात आणि तिथेच फसतात. हाती लागतं ते सणाचं पुस्तक. ईदला शीरखुर्मा, नाताळला केक, आदिवासी पाड्यावर ढोल आणि पिसं. म्हणजे ती माणसं वर्षातून एकदाच जगतात! दुसरं लागतं ते दयेचं पुस्तक: वस्तीतली गरीब मुलगी, तिला वही देणारी शहरातली ताई, आणि शेवटी ताईचे पाणावलेले डोळे. अशा गोष्टीत मुलगी नुसती निमित्त असते, गोष्ट ताईचीच. थोरामोठ्यांची चरित्रं हवीतच, पण कपाटात दलित माणूस फक्त बाबासाहेबांच्या रूपाने भेटत असेल, तर सायकल पंक्चर झालेला, गणितात नापास झालेला, कुत्र्याला घाबरणारा दलित मुलगा मुलांना कधी भेटणार? माझा कल सरळ या शेवटच्या प्रकाराकडे आहे. सणाचं एक पुस्तक घेतलंत तर त्याच समाजातल्या साध्या दिवसाची तीन घ्या.

पुस्तक हातात आलं की दहा मिनिटांत बरंच कळतं. आधी आतलं ते पान बघा, जिथे आवृत्ती, मुद्रक वगैरे छापलेलं असतं. लेखक, चित्रकार आणि अनुवादक या तिघांची नावं आहेत का? अनुवादकाचं नावच नसेल तर मी पुस्तक खाली ठेवते. पहिल्या आवृत्तीचं सालही बघा. मग एकदम शेवटची चार पानं वाचा. गुंता कुणी सोडवला, ते तिथे उघड होतं. नंतर फक्त चित्रं चाळा. मुख्य मुलगी गोरी आणि मागची गर्दी एकाच तपकिरी रंगाची, सगळ्यांचं नाक एकसारखं, मुसलमान बाप प्रत्येक पानावर जाळीदार टोपीत, असं दिसलं की चित्रकाराने माणसं पाहिलेली नाहीत हे समजा. शेवटी मधलं कुठलंही पान मोठ्याने वाचा.

मोठ्याने वाचताना अनुवादाची खोट लगेच कानाला लागते. मूळ गोष्टीतली 'खाला' मराठीत 'मावशी' झाली, 'अम्मी'ची 'आई' झाली आणि शीरखुर्म्याची 'शेवयांची खीर', की ज्या घरासाठी पुस्तक घेतलं ते घरच पुसलं गेलं. हेतू चांगला असतो, मुलांना समजावं म्हणून. पण मुलं 'खाला' दोन पानांत समजून घेतात, त्यांना तळटीप लागत नाही. उलटाही दोष असतो: घरातली माणसं पुस्तकी प्रमाण मराठीत बोलतात आणि कामवाल्या मावशींच्या तोंडीच तेवढी बोली. बोली फक्त हसण्यासाठी आणली असेल तर ते पुस्तक नकोच.

मिळण्याची ठिकाणं. लहानांसाठी 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ फुकट आहे. भाषा मराठी निवडा, मग पातळी: पहिलीत २५० शब्दांपर्यंत, दुसरीत ६००, तिसरीत १५००, चौथी त्यापुढे. परवाना मुक्त असल्याने छापून वर्गात वाटता येतं. मात्र तिथे कुणीही अनुवाद चढवू शकतं, त्यामुळे काही मराठी अगदी ओढूनताणून केलेलं असतं. प्रकाशक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघून घ्या. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाची द्विभाषी चित्रपुस्तकं इंग्रजी-मराठीतही आहेत. परदेशातल्या, मराठी अडखळत वाचणाऱ्या मुलांना ती फार सोयीची. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला स्वस्त आहे आणि तिच्यात इतर प्रांतांतल्या गोष्टी मराठीत येतात. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. तो खजिनाच आहे, फक्त जुन्या अंकांतली चित्रं वरच्याच कसोटीने बघा.

कुमारवयाची अडचण वेगळी. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत कादंबऱ्या कमी आहेत, पण दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांइतका ऐवज क्वचितच कुठल्या भाषेत असेल. प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' (१९७९) शाळा आणि भूक यांभोवती फिरतं, नववी-दहावीच्या मुलाला ते पेलतं. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'मध्ये (१९८७) पोलिसांची मारहाण आहे; आधी स्वतः वाचा, मग द्या, आणि सबंध जड वाटलं तर निवडक प्रकरणं द्या. 'वाच म्हणजे तुला तुझं सुख कळेल' असं म्हणून मात्र देऊ नका. मुलं तिथेच पुस्तक मिटतात, आणि बरोबर करतात.

इंग्रजी चालत असेल तर नवयान प्रकाशनाचं 'भीमायन' (२०११) हे बाबासाहेबांवरचं चित्रमय पुस्तक शोधा. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. कॉमिक्ससारख्या चौकटी त्यांनी नाकारल्या. बोलण्याचे फुगे बघण्यासारखे आहेत: मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, आणि मनातल्या विचाराला एक डोळा. साताऱ्याहून वडिलांना भेटायला सातारा जिल्ह्यातल्याच गोरेगावला निघालेला लहान भीमराव, मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच गाडीत घ्यायला कचरणारे गाडीवाले, वाटेत न मिळालेलं पाणी, हा सगळा प्रवास त्यात आहे. वाचायचा कंटाळा करणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलालासुद्धा आधी नुसत्या नांग्या शोधायला सांगा.

राहिला प्रश्न घरात आधीच असलेल्या खटकणाऱ्या पुस्तकांचा. रद्दीत घालू नका. जिथे खटकतं त्या पानावर पेन्सिलीने खूण करा आणि पुढच्या वेळी तिथे थांबून विचारा, "ही ताई वही देऊन गेली, पण या मुलीचं नाव काय होतं गं?" बऱ्याचदा नाव दिलेलंच नसतं. मग तेवढं मुलांनाच ठेवू द्या.