पेट्रोलची वही

बुधवार, रात्री साडेदहा

आज आईच फोनवर म्हणाली, "या रविवारी पण नको येऊस गं, पेट्रोल केवढं महाग झालंय, आपण फोनवर बोलतोच की." मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि मग खूप वेळ तशीच बसून राहिले. मी तिला कधी खरं कारण सांगितलं नव्हतं. कधी काम आहे म्हणाले, कधी पाठ दुखतेय म्हणाले. तिला कळलं होतं. आधी दर रविवारी जायचे, मग एक आड एक, आणि गेल्या तीन महिन्यांत फक्त दोनदा. जायला ४६ किलोमीटर, यायला ४६, म्हणजे ९२, आणि भाव वाढले तेव्हा सगळ्यात आधी नजर गेली ती या ९२ वरच, कारण आठवड्यातली ती एकच मोठी फेरी डोळ्यात भरते, ऑफिस तर टाळता येत नाही आणि बाकीचं सगळं दोन-दोन किलोमीटरचं, ते कोण मोजत बसतं.

आता मोजणार. लेकीची एक अर्धी कोरी वही सापडली, तिच्यात रकाने आखलेत. तारीख, किलोमीटर, लिटर, कुठे गेलो. भाव मुद्दामच लिहिणार नाहीये. भाव रोज वरखाली होणार आणि त्याच्याकडे बघून नुसता जीव जळतो, लिटर मात्र मीच जाळते.

पद्धत जुनीच आहे, टाकी फुल ते टाकी फुल. नोझल आपोआप बंद होतं तिथे थांबायचं, वरून आणखी ठोकून भरायचं नाही, किलोमीटर लिहून घ्यायचे, पुढच्या वेळी परत तिथपर्यंतच भरायचं आणि मधल्या किलोमीटरना आत गेलेल्या लिटरने भागायचं. एकदा करून भागत नाही, कारण प्रत्येक पंपावर नोझल थोडं पुढेमागे बंद होतं, तीनचार वेळा केलं की आकडा स्थिर होतो.


तीन आठवड्यांनी, शनिवार

लिटरला ११.८ किलोमीटर. गाडीचा डॅशबोर्ड १३ दाखवत होता आणि मी इतके दिवस त्यावर विश्वास ठेवून होते. आठवड्याला सुमारे २४९ किलोमीटर आणि २१ लिटर, आणि यात आईकडची फेरी नाहीच. म्हणजे तिला तोडून सुद्धा २१ लिटर. हा आकडा बघून मला राग आला, कोणावर ते सांगता येत नाही.

उद्या जाणार आहे आईकडे. निघताना टाकी फुल, आल्यावर परत फुल, बघूच नक्की किती लागतं.


रविवार, उशीर झालाय

५.४ लिटर. ९२ किलोमीटरला ५.४, म्हणजे लिटरला १७. ज्या फेरीला मी सगळ्यात महाग समजत होते तीच माझी सगळ्यात चांगली फेरी निघाली. मोकळा रस्ता, एकदा टॉप गिअर पडला की हात लावायला नको, इंजिन नीट गरम.

आई बारीक झालीये. की मीच खूप दिवसांनी बघतेय म्हणून वाटलं.


मंगळवार

झोप येत नव्हती म्हणून कच्च्या तेलाबद्दल वाचत बसले. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर, आणि त्या बॅरलचा भाव ज्या गोष्टींवर ठरतो त्यातली एकही माझ्यापर्यंत पोचत नाही. २००८ च्या जुलैमधे तो १४७ डॉलरपर्यंत गेला होता आणि त्याच वर्षाच्या शेवटी ४० च्याही खाली आला. २०२० च्या एप्रिलमधे सगळं जग घरात बसलं तेव्हा अमेरिकेत तेल ठेवायला जागा उरेना, आणि एक दिवस वायद्याचा, म्हणजे पुढे तेल उचलायच्या सौद्याचा, भाव शून्याच्या खाली, उणे ३७ डॉलरवर बंद झाला. मग २०२२ मधे युक्रेनचं युद्ध आणि परत शंभरच्या वर. आणि पंपावरच्या भावात हे सगळं तसंच्या तसं उतरतही नाही, कारण मधे तेल शुद्ध करायचा खर्च आहे, वाहतूक आहे, पंपाचं कमिशन आहे, सरकारी कर आहेत, डॉलरचा भाव आहे. त्यामुळे कच्चं तेल उतरलं की पंपावर लगेच तेवढंच उतरेल ही आशा मी सोडून दिलीय.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये. १९७३ मधे अरब देशांनी तेल अडवलं आणि काही महिन्यांत भाव जवळपास चौपट झाला, तेव्हा नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनीत रविवारी गाड्या चालवायला बंदी घातली होती. माणसं हायवेवर सायकली घेऊन आली, पोरं चालत फिरली. वाचून छान वाटलं आणि मग पोटात कालवलं, कारण रविवार तर मीही बंदच केला होता, पण तिथे सगळ्यांचा मिळून बंद होता आणि इथे एकटी आई दार उघडून बसलेली.


दोन आठवड्यांनी, शुक्रवार

हे नीट लिहून ठेवते कारण हे मला आधी कळायला हवं होतं.

दोन आठवडे ऑफिसला मैत्रिणीच्या गाडीतून गेले. माझी गाडी फक्त घरच्या बारीकसारीक कामांना, लेकीला क्लासला सोड, परत घरी, तासाने आणायला जा, काहीतरी विसरलं म्हणून परत जा. दोन आठवड्यांत ११८ किलोमीटर झाले आणि पेट्रोल लागलं १३ लिटर. लिटरला ९. मी दोनदा भागून बघितलं.

म्हणजे आठवड्याला साडेसहा लिटर या असल्या फेऱ्यांत जातंय आणि आईकडे जायला यायला मिळून साडेपाच पण लागत नाही. मी तिचं येणंजाणं तोडलं आणि हे तसंच चालू ठेवलं. कारण इतकंच की ही फेरी दिसतच नाही, दोन किलोमीटर म्हणजे आलेच जाऊन, चावी हातातच असते.

असं का होतं तेही शोधलं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून गाडीचा कॉम्प्युटर सुरुवातीला जास्त पेट्रोल सोडतो, शिवाय ऑइल घट्ट असतं, त्यामुळे आतले सगळे भाग जड फिरतात. इंजिन पूर्ण गरम व्हायला काही किलोमीटर जावे लागतात आणि माझी फेरी तर त्याआधीच संपते, मग गाडी तासभर उभी, थंड, आणि परत पहिल्यापासून. रोज चार वेळा मी गाडी तिच्या सगळ्यात खाऊ अवस्थेतच चालवत होते.

लेकीला सांगितलं, सोमवारपासून क्लासला चालत, मी येईन बरोबर. ती म्हणाली चालेल, तिची मैत्रीण पण चालतच येते म्हणे. इतकं सोपं होतं.

मैत्रिणीची शिफ्ट बदलली, त्यामुळे एकत्र जाणं आता बंद. याची खरंच हळहळ वाटतेय. एकाच रस्त्याने, एकाच वेळी, दोन गाड्या आणि प्रत्येकीत एकेक बाई, हे फार मोठं जळणं आहे आणि ते मी एकटीने कितीही जपून चालवलं तरी भरून निघणार नाही. ऑफिसात अजून कोणी त्या बाजूचं आहे का विचारणार आहे.


सोमवार

हवा चेक केली. ३३ पाहिजे, मागच्या एका टायरमधे २६ निघाली. याने पेट्रोल फार वाचत नाही, पण टायर कडेने झिजत होता तो वाचला. डिकीतून जुनं सामान काढलं. पहाटे भरलं की पेट्रोल जास्त मिळतं असं सगळे सांगतात, त्यात काही नाही, पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.


गुरुवार

आज पायाबद्दल. उजव्या पायाबद्दल.

ऑफिसच्या रस्त्यावर सिग्नल खूप आहेत आणि मी इतकी वर्षं लांबून लाल दिसत असताना सुद्धा पाय दाबून तिथपर्यंत जायचे आणि मग ब्रेक. म्हणजे पेट्रोल जाळून जो वेग मिळवला तो ब्रेकमधे नुसती उष्णता करून टाकला, आणि हे रोज वीसपंचवीस वेळा. आता लाल दिसला की पाय काढते, गाडी गिअरमधेच ठेवते आणि तशीच जाऊ देते. माझा दीर उताराला आणि सिग्नलला न्यूट्रल करतो, मीही करायचे, आम्हाला वाटायचं यात पेट्रोल वाचतं. कार्ब्युरेटरच्या गाड्यांपासून आलेली सवय आहे ती. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमधे असताना पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर पेट्रोल बंद करतो, न्यूट्रलमधे मात्र इंजिन चालू ठेवायला त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. वर उतारावर इंजिनाचा ब्रेक पण गेला, सगळा भार नुसत्या ब्रेकवर. दिराला सांगितलं तर पटलं नाही त्याला, पण वही दाखवणार आहे.

मोठा सिग्नल असेल तर बंद करते. उभ्या गाडीचं लहान इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं, आणि बंद करून परत सुरू करायला दहाबारा सेकंद उभं राहण्याइतकंही लागत नाही. लेकीला आणायला गेले की एसी लावून पंधरा पंधरा मिनिटं गाडीत बसायचे ते आठवलं.

ऑफिसच्या रस्त्यावर १३ मिळायचे, आता १५ मिळतायत. वेळेत फरक पडला म्हणाल तर काहीच नाही, पुढच्या सिग्नलला तेच लोक भेटतात.

आज एका सिग्नलला शेजारी पार्सल पोचवणारा मुलगा उभा होता, त्याने पण बाईक बंद केली होती. माझ्यासारखीला फेऱ्या कमी करता येतात. त्याची फेरी म्हणजेच त्याची कमाई, तो काय कमी करणार. भाव वाढला की त्याचा दिवस तेवढाच राहतो आणि हातात कमी पडतं, आणि याबद्दल माझ्या वहीत लिहिण्यासारखं काही नाहीये, पण लिहून ठेवतेय.


रविवार, आईकडून आल्यावर

आज मोकळ्या रस्त्यावर १०० ऐवजी ८० ने गेले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १०० वरून ८० वर आलं की तो ३६ टक्के कमी. ४६ किलोमीटरला जेमतेम सात मिनिटं जास्त लागली. खिडक्या बंद ठेवल्या, एसी हलका, कारण त्या वेगाला उघड्या खिडक्या पण गाडीला मागे ओढतात.

४.८ लिटर.

या पूर्ण आठवड्याचा हिशोब, ऑफिस १२.७, बारीक फेऱ्या १.३ (पाऊस होता म्हणून एकदा आणि डॉक्टरकडे एकदा), आई ४.८. एकूण १८.८. आईला तोडून २१ लागत होते आणि आईसकट १९ च्या आत बसलं. पंपावर भाव तोच आहे, उलट परवा थोडा वाढलाच.

आई दारातच उभी होती. पहिलं वाक्य, "अगं कशाला आलीस, केवढं पेट्रोल…" मी काही बोलले नाही, वही दिली हातात. तिने चष्मा शोधला, खुर्ची खिडकीशी ओढली आणि पहिल्या पानापासून सगळं वाचलं, एकेक रकाना, बोट फिरवत. मधे एकदाच म्हणाली, "क्लासला साडेसहा लिटर?" मी म्हटलं हो. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "आणि माझ्याकडे साडेपाच पण नाही?"

म्हटलं नाही.

निघताना वही परत दिली. घरी येऊन आकडा टाकायला उघडली तर खालच्या ओळीत तिच्या अक्षरात पुढच्या रविवारची तारीख, किलोमीटरच्या रकान्यात ९२, आणि लिटरचा रकाना माझ्यासाठी रिकामा.